तिकडचं सरकार बदललं, तेव्हा अंजनवेलात काय झालं?

ऑगस्ट २०२५. रत्नागिरीत पाऊस कोसळत होता. हापूसचा हंगाम कधीच आटोपला होता, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात नव्या हंगामाची गडबड सुरू होती. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क आधी २५ टक्के केलं आणि २७ तारखेपासून ५० टक्के. ज्यांचा अमेरिकेशी संबंध फार तर आंब्याच्या पेटीपुरता किंवा मासळीपुरता, त्यांच्याही फोनवर ट्रम्प दिसू लागले. तिकडे जानेवारीत सरकार बदललं आणि इकडे ऑगस्टमध्ये हिशेब बदलले, असंच सगळ्यांना वाटत होतं.

पण खरंच असं होतं का? अमेरिकेत सरकार बदललं की बाहेरच्या धंद्याचं नशीब बदलतं का?

या प्रश्नाचं एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातच उभं आहे, काँक्रीट आणि लोखंडाचं. दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसून वाशिष्ठीची खाडी ओलांडली की आपण गुहागर तालुक्यात येतो. तिथल्या अंजनवेल-वेलदूरच्या पठारावर तो वीजप्रकल्प आहे. सगळी दुनिया त्याला ‘दाभोळ’ म्हणून ओळखते. खरं तर दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. जमीन गेली अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांची, आणि नाव झालं समोरच्या गावाचं. गावातले लोक मात्र अजूनही त्याला एकाच नावाने ओळखतात: एन्रॉन.

तुमच्यापैकी बरेच जण एन्रॉन बुडाली तेव्हा जन्मलेही नसाल. म्हणून गोष्ट पहिल्यापासून सांगतो. फक्त नेहमीसारखी मुंबईच्या बाजूने नाही, वॉशिंग्टनच्या बाजूने.

पहिला बदल: जानेवारी १९९३

१९९१ मध्ये भारताने अर्थव्यवस्था खुली केली आणि वीजनिर्मितीत परदेशी कंपन्यांना बोलावलं. मे १९९२ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांचं एक पथक गुंतवणूकदार शोधायला अमेरिकेला जाऊन आलं. जूनमध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचे लोक मुंबईत आले, आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झालासुद्धा. स्पर्धात्मक निविदा नाहीत, काही नाहीत. मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक.

तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये थोरले जॉर्ज बुश होते, रिपब्लिकन पक्षाचे. एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले हे त्यांचे टेक्सासमधले स्नेही. १९९२ च्या उन्हाळ्यात रिपब्लिकनांचं राष्ट्रीय अधिवेशन ह्यूस्टनला भरलं, तेव्हा यजमान समितीच्या सहअध्यक्षांपैकी एक हेच ले. नोव्हेंबरमध्ये बुश निवडणूक हरले. २० जानेवारी १९९३ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन अध्यक्ष झाले.

साध्या तर्काने पाहिलं तर एन्रॉनचे दिवस फिरायला हवे होते. त्यांचा माणूस हरला होता. शिवाय एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेनेही कळवलं, की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, आम्ही त्याला कर्ज देणार नाही. आयात केलेल्या वायूवरची वीज महाग पडेल आणि राज्याला एवढ्या महाग विजेची चोवीस तास गरजही नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

झालं उलटंच. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करार झाला. मार्चपासून मुख्यमंत्रिपदी शरद पवार होते. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा हिस्सा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा आणि दोन्ही टप्पे मिळून दोन हजारांवर. जागतिक बँकेने नाकारलेला पैसा कुठून आला? मोठा वाटा अमेरिकी सरकारच्याच संस्थांनी उचलला. तिथल्या निर्यात-आयात बँकेने सुमारे ३० कोटी डॉलरचं कर्ज मान्य केलं. परदेशातल्या अमेरिकी गुंतवणुकीला कर्ज आणि विमा देणारी ‘ओपिक’ नावाची सरकारी संस्था होती. तिने १० कोटी डॉलर कर्ज दिलं आणि वर राजकीय जोखमीचा विमाही उतरवला. जानेवारी १९९५ मध्ये क्लिंटन सरकारचे वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन उद्योगपतींचं शिष्टमंडळ घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांच्या दौऱ्यातला गाजलेला विषय दाभोळच होता.

म्हणजे रिपब्लिकनांच्या काळात पेरलेलं डेमोक्रॅटांच्या काळात उगवलं. ले यांनी मधल्या काळात क्लिंटन यांच्यासोबत गोल्फही खेळून घेतलं होतं. कंपनी रिपब्लिकनांना जास्त देणग्या द्यायची हे खरं, पण डेमोक्रॅटांनाही द्यायची. शहाणा दुकानदार चाळीतल्या दोन्ही गणपतींना वर्गणी देतो, तसं.

बसा किंवा बसू नका, मीटर चालू

करार काय होता हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा, तुम्ही एका रिक्षावाल्याशी २० वर्षांचा करार केला. रिक्षा रोज सकाळी दारात येऊन उभी राहणार. ती उभी राहिली की मीटर सुरू. तुम्ही बसलात तर पेट्रोलचे पैसे वेगळे. नाही बसलात तरी उभं राहण्याचे पैसे द्यायचेच. त्यातला मोठा भाग डॉलरच्या भावाशी बांधलेला. तुम्ही पैसे चुकवलेत तर तुमचे वडील देणार, त्यांनी चुकवले तर आजोबा. वीज मंडळामागे राज्य सरकारची हमी होती आणि राज्यामागे केंद्राची प्रतिहमी.

करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांना होता. २००१ मध्ये तो ४७ रुपयांच्या आसपास गेला. वीज तीच, मंडळ तेच, ग्राहक तोच. नुसत्या रुपयाच्या घसरणीने बिल फुगलं.

दुसरीकडचा बदल: मार्च १९९५

पहिला धक्का आला तो मुंबईतून. फेब्रुवारी-मार्च १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्ता मिळवली. मुख्यमंत्री मनोहर जोशी, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे. मुंडे यांच्या समितीने कराराची छाननी केली, आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं.

इथे वॉशिंग्टन काय करतं ते पाहा. निर्णय व्हायच्या आधीच, जूनमध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जाहीर इशारा दिला होता, की करार मोडला तर भारतातल्या इतर खासगी वीजप्रकल्पांची गुंतवणूकही धोक्यात येईल. भारतातले अमेरिकी राजदूत फ्रँक विस्नर दाभोळचे उघड पाठीराखे होते. (१९९७ मध्ये राजदूतपद सोडल्यावर ते त्याच वर्षी एन्रॉनच्या तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले.) कंपनीने लंडनमध्ये लवादाकडे धाव घेतली. दुसरीकडे एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा जिवंत झाला, आणि आधीपेक्षा मोठा होऊन: २,१८४ मेगावॅट. दर थोडा उतरवला, पण दारात उभ्या रिक्षाचं मीटर तसंच राहिलं.

मे १९९६ मध्ये दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी यांचं १३ दिवसांचं सरकार आलं. ते पडायच्या आदल्या दिवशी त्या मंत्रिमंडळाने सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. विरोधात असताना बुडवायचा आणि सत्तेत आल्यावर तारायचा, हे त्या काळात मराठी वाचकाने रोजच्या पेपरात पाहिलं. कोणताही पक्ष आला तरी शेवट तोच. अंजनवेलच्या माणसाला आपल्याकडचं राजकारण कळायला एवढं पुरेसं होतं.

गावाला कोण विचारतं?

या सगळ्यात खाडीकाठी काय चाललं होतं? वेलदूरचे लोक मासेमारीवर जगणारे. प्रकल्पाचं गरम पाणी खाडीत सुटलं तर मासळीचं काय, पिण्याच्या पाण्याचं काय, कलमांचं काय, हे त्यांचे प्रश्न होते. मोर्चे निघाले, अटका झाल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलिसांनी घरांत शिरून लोकांना मारहाण केली आणि पकडून नेलं. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण पुरुष समुद्रावर गेले होते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या अमेरिकी संस्थेने अख्खं पुस्तकच काढलं. प्रकल्पावर तैनात पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात नोंदवलं होतं.

क्लिंटन यांचं सरकार जगभर मानवी हक्कांबद्दल बोलत होतं. पण वेलदूरच्या अहवालांनी दाभोळला दिलेलं कर्ज परत मागितलं गेलं नाही. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला.

दुसरा बदल: जानेवारी २००१

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा विरोधाभास.

२० जानेवारी २००१ रोजी धाकटे जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. एन्रॉन आणि केनेथ ले हे त्यांच्या राजकारणाच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी होते. उपाध्यक्ष डिक चेनी स्वतः ऊर्जा उद्योगातून आलेले. कंपनीच्या दृष्टीने याहून चांगलं सरकार वॉशिंग्टनमध्ये येणं शक्य नव्हतं.

आणि त्याच वर्षी दाभोळ संपलं.

कारण साधं होतं. वीज मंडळाकडे पैसे नव्हते. नाफ्ता महागला, डॉलर वधारला. शिवाय वीज जेवढी कमी उचलावी तेवढा प्रत्येक युनिटवर पडणारा स्थिर खर्च वाढायचा. काही महिन्यांत दाभोळच्या विजेचा दर युनिटला ७ रुपयांच्या पुढे गेला. २००० च्या अखेरीपासून बिलं थकू लागली. कंपनीने आधी राज्याची हमी वटवायला घेतली, मग केंद्राची. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये कराराची चिरफाड केली. मे अखेरीस मंडळाने वीज घेणं थांबवलं. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता. तो तसाच राहिला.

नव्या अमेरिकी सरकारने हात बांधून पाहिलं असं मुळीच नाही. एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी जसवंत सिंह यांच्याकडे विषय काढला. २७ जूनला सोनिया गांधी वॉशिंग्टनमध्ये होत्या. महाराष्ट्रात तेव्हा विलासराव देशमुखांचं, काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. चेनी यांनी त्या भेटीत थेट दाभोळचा मुद्दा मांडला. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या देखरेखीखाली निरनिराळ्या खात्यांचा दाभोळसाठी गटही काम करत होता. गुहागर तालुक्यातल्या एका थकलेल्या बिलासाठी!

तरी काही झालं नाही, कारण फोनवरून बिल भरता येत नाही. वॉशिंग्टन दबाव आणू शकत होतं, पण मंडळाच्या तिजोरीत नसलेला रुपया निर्माण करू शकत नव्हतं. विरोधी पक्षाच्या क्लिंटन सरकारच्या काळात मेलेला प्रकल्प जिवंत झाला, आणि मित्राच्या बुश सरकारच्या काळात जिवंत प्रकल्प मेला. अध्यक्ष कोण, यावरून एन्रॉनचं भविष्य सांगणारा ज्योतिषी दोन्ही वेळा तोंडघशी पडला असता.

आठ नोव्हेंबरचा ईमेल

९ नोव्हेंबर २००१ रोजी वाजपेयी व्हाइट हाऊसमध्ये बुश यांना भेटणार होते. अध्यक्षांसाठी तयार केलेल्या टिपणांत दाभोळ होतं. ८ तारखेला अधिकाऱ्यांमध्ये एक ईमेल फिरला: अध्यक्ष दाभोळबद्दल बोलू शकत नाहीत.

कारण त्याच दिवशी एन्रॉनने मान्य केलं होतं, की गेल्या काही वर्षांचे नफ्याचे आकडे फुगवलेले होते. शेअर बाजाराच्या नियामकाची चौकशी आधीच सुरू झाली होती. तीन सरकारांनी ज्या कंपनीसाठी शब्द टाकला, तिचं नाव काढणंही एका दिवसात अवघड झालं. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून मैत्रीवर धंदा उभा राहिला, असं मी म्हणणार नाही. मैत्री एका ईमेलने संपली. टिकलं ते दुसरंच काहीतरी.

टिकली ती विम्याची पावती

एन्रॉन गेली, पण ओपिकने उतरवलेला विमा राहिला. जनरल इलेक्ट्रिक, बेक्टेल आणि कर्ज देणाऱ्या बँका यांचे पैसे अडकले होते. ओपिकने भरपाई दिली, आणि ती वसूल करायला अमेरिकी सरकारने नोव्हेंबर २००४ मध्ये भारताविरुद्ध लवादाची प्रक्रिया सुरू केली. आधार होता दोन्ही देशांमधल्या १९९७ च्या कराराचा. हा करार झाला क्लिंटन यांच्या काळात, तो वापरला बुश यांच्या सरकारने. २००५ मध्ये तडजोडी झाल्या, पैसे चुकते झाले. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी स्थापन होऊन तिने प्रकल्प ताब्यात घेतला. पुढे देशी वायू आटला तसा तो पुन्हा बंद पडला. २०१५ च्या अखेरीपासून रेल्वेसाठी त्यातला काही भाग चालू झाला.

माझ्या मते या सगळ्याचं सार इथे आहे. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसलंय यापेक्षा त्या राजधानीतल्या कुणाचे पैसे तुमच्या धंद्यात अडकलेत, हे महत्त्वाचं ठरतं. दाभोळमध्ये अमेरिकी सरकारी संस्थांचे पैसे होते. म्हणून तीन अध्यक्ष आणि दोन पक्ष बदलले तरी वॉशिंग्टनचं म्हणणं बदललं नाही. सरकार बदलतं तेव्हा माणसं जातात, फाइल राहते. फाइलमध्ये कर्ज आणि विमा असेल, तर नवा माणूस जुनंच पत्र नव्या सहीने पाठवतो.

आणि हापूसची पेटी?

आता त्याच जिल्ह्यातला उलट्या दिशेचा धंदा पाहा. एन्रॉन अमेरिकेतून इकडे आली. हापूस इकडून तिकडे जातो.

जवळपास १८ वर्षं भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार बंद होतं. फळातून कीड येईल ही भीती. मार्च २००६ मध्ये अणुकराराच्या वाटाघाटींसाठी बुश दिल्लीत आले, तेव्हा आंब्याचं दार उघडायचं ठरलं. एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याआधी फळ नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रात नेऊन, अमेरिकी निरीक्षकासमोर त्यावर गॅमा किरणांचा ठरलेला मारा करायचा. निरीक्षकाच्या येण्या-राहण्याचा खर्चही आपणच द्यायचा.

इथे कुणा अमेरिकी बँकेचं कर्ज नाही, विमा नाही. म्हणून २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर दोन हंगाम गेले. त्याबद्दल कुणी उपाध्यक्षाने कुणाला फोन केला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडेन सरकारशी नवी देवाणघेवाण ठरली: आमचे आंबे आणि डाळिंबं तिकडे, तुमची चेरी आणि लसूणघास इकडे. २०२२ मध्ये पेट्या पुन्हा निघाल्या.

मे २०२५ मध्ये आंब्यांच्या १५ खेपा अमेरिकी विमानतळांवर अडवल्या गेल्या. त्यांवर नवी मुंबईत विकिरण झालं होतं. फळात कीड सापडली नव्हती, विकिरणाच्या कागदांत चूक निघाली होती. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून तो माल तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांनी नुकसान सांगितलं ते सुमारे ५ लाख डॉलर. त्यानंतर ऑगस्टमध्ये ५० टक्के शुल्क आलं.

सरकार बदलल्याचा फटका बसतो तो असा, ज्याचं त्या राजधानीत कुणीच काही लागत नाही त्याला. त्याच्यासाठी अध्यक्षही दूर आणि निरीक्षकही दूर. दाराची कडी दोघांच्याही हातात, आणि दार लागलं तर आतल्या कुणाचा एक डॉलरही बुडत नाही.

हापूस पाठवणाऱ्याने यातून काय घ्यावं? वॉशिंग्टनमध्ये मित्र शोधत बसण्यापेक्षा, आपला आंबा थांबला तर तिकडे कुणाचं नुकसान होईल, हे पाहावं. तिथला आयातदार, भारतीय किराणा दुकानं, पेटीची आगाऊ नोंदणी करणारी मराठी घरं. दार लागलं तर आवाज करायला तेवढेच लोक आहेत. त्यांची संख्या वाढली, तर पुढच्या वेळी शुल्क लावताना तिकडे कुणीतरी दोनदा विचार करेल.

याचा थोडा पुरावाही आहे. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी ट्रम्प सरकारने चहा, कॉफी, मसाले, केळी आणि उष्ण प्रदेशातली फळं ‘जशास तसं’ आयात शुल्कातून वगळली. ती भारताच्या प्रेमाने नव्हे. अमेरिकेतल्या घराघरांत किराण्याचं बिल वाढलं होतं, आणि तिथले मतदार कुरकुरू लागले होते.

बातमी रत्नागिरीत पोचली तेव्हा कलमांना अजून मोहोरही फुटला नव्हता.